अकरा बेचाळीसची दाद

बार्शीत मला मधुसूदन ठोंबरे म्हणून ओळखणारी माणसं फक्त पेन्शनच्या ऑफिसात उरली आहेत. बाकीचं गाव मला 'दादवाले ठोंबरे' म्हणतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून मी पस्तीस वर्षं दुकानदारांच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधली, त्याचं कोणी नाव काढत नाही. नाव झालं ते एका अक्षरामुळे, आणि ते अक्षर म्हणजे 'वा'.

हकिगत १९९१ ची आहे. केशवबुवा नांदणीकरांची मैफल ठरली होती, पण सभागृहात कोणाच्या तरी लग्नाच्या पंगती उठेनात. ऐनवेळी मैफल तेलाच्या गिरणीच्या गोडाऊनमध्ये हलवली. सतरंज्या अंथरल्या, समोर पुरुष बसले, उजव्या भिंतीला पेंडीच्या पोत्यांची थप्पी होती आणि थप्पीच्या कडेला बायका. गिरणीमालकांच्या भावाला रेकॉर्डिंगचा नाद होता. त्याने दोन माइक लावून सगळं गाणं टेपच्या मोठ्या स्पूलवर घेतलं.

बुवांनी मारवा सुरू केला. मारव्यात षड्ज, म्हणजे आपला साधा सा, गवई सहजासहजी देत नाहीत. बुवांनी तर अकरा मिनिटं तंगवलं. शेवटी ते साच्या उंबऱ्यावर येऊन थांबले, आणि त्या थांबण्यात, सा लागायच्या अर्धा श्वास आधी, गर्दीतून एक खर्जातला आवाज आला, "वा." बुवा हसले. ते हसू टेपवर स्पष्ट ऐकू येतं. मग त्यांनी सा लावला तो असा की गोडाऊनभर टाळ्या पडल्या.

सा लागल्यावर दाद कोणीही देतो. लागायच्या आधी देणाऱ्याला पुढचं कळलेलं असतं. पुढे ही मैफल स्ट्रीमिंगवर चढली, सत्तर लाख वेळा ऐकली गेली, आणि खाली जगभरातले लोक लिहितात, 'अकरा बेचाळीसला कान द्या.' ती दाद बार्शीच्या ठोंबऱ्यांची, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

ती माझी नव्हती. त्या क्षणी मी गोडाऊनमध्येच नव्हतो. आदल्या दिवशी घेतलेल्या कोऱ्या कोल्हापुरी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या आणि माझा जीव त्यांच्यात होता. नवव्या मिनिटाला उठलो, चपला सापडल्या, पायात घातल्या आणि पुन्हा लोकांना ओलांडून आत जाण्याची लाज वाटली म्हणून पायरीवरच बसून राहिलो. मैफल सुटल्यावर लोक बाहेर आले ते 'दाद कोणाची, दाद कोणाची' करत. पायरीवर एकटाच असलेल्या माझ्याकडे कोणीतरी बोट दाखवलं. मी "असू द्या ओ" म्हणालो. म्हणजे मी 'माझी' म्हणालो नाही, फक्त 'नाही' म्हणायचं राहून गेलं.

दुसऱ्या वर्षी मात्र मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून मी सरळच सांगितलं, की नांदणीकरबुवांच्या मैफलीतली ती दाद माझी. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. तिने होकार दिला. तीच ही शैलजा. आमच्या संसाराला सेहेचाळीस वर्षं झाली आणि त्याचा पाया असा मापात पाप करून घातलेला आहे, हे मला रोज आठवतं असं नाही, पण पोहे केले की आठवतं.

शैलजेचा आवाज भरड आहे. फोनवर गॅसवाला तिला अजून 'साहेब' म्हणतो. गाण्यात ती पडत नाही. रविवारी आमच्याकडे श्रवण मंडळ जमतं, तेव्हा मी रागाचं नाव सांगतो, लोक माना डोलावतात आणि ती स्वयंपाकघरातून चहा पाठवते. ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून तिचा टॅब असतो, त्यावर ती आपलं काहीतरी ऐकत असते. काय ऐकतेस, हे मी कधी विचारलं नव्हतं.

यंदा मी सत्तरीत पदार्पण केलं म्हणून बंगळुरूच्या मुलीने, मृण्मयीने, 'बैठक' नावाचं यंत्र पाठवलं. पोळ्यांच्या डब्याएवढी पेटी आणि भिंतींना चिकटवायचे बारा छोटे स्पीकर. आमच्या कपाटात माझा साठा आहे, म्हणजे चाळीस वर्षांतल्या कॅसेटी, सीड्या, स्पूल, सगळं मी स्वतः न छाटता, म्हणजे फाइली लहान न करता, ज्यात उतरवून ठेवलंय तो डबा. बैठक तो साठा आणि इंटरनेटवरून येणारं संगीत एकाच यादीत दाखवते. एकाच गाण्याच्या घरात चार प्रती असल्या तर त्यांतली उत्तम प्रत आपणहून निवडते. इतपत करणारी यंत्रं पूर्वीही होती. हिचं खरं काम वेगळं. गाणं लावायच्या आधी ती विचारते, "कुठे बसणार?"

पहिल्या दिवशी तिने घराचा अंदाज घ्यायला चित्रविचित्र शिट्ट्या मारल्या. शेजारच्यांचा कुत्रा त्यांना उत्तर देत होता. मग तिने बाईच्या गोड आवाजात सांगितलं की शोकेसची काच आवाज परतवते आहे, ती हलवावी. शैलजा म्हणाली, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. शोकेस हलली.

यंत्राचं शास्त्र मला बुडूख सरांनी समजावलं. बुडूख सर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, मंडळाचे सगळ्यात जुने सभासद आणि माझे एकुलते एक मित्र म्हणावेत असे. ते म्हणाले, विहिरीत हाक मारा, देवळात मारा, हाक तीच असते पण मागून येणारा आवाज वेगळा. आवाज माइकपर्यंत थेट पोचतो आणि मग भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटून त्याच्याच शेकडो बारीक सावल्या मागाहून येतात. बसायची जागा हातभर सरकली तरी त्या सावल्यांची मांडणी बदलते. हे यंत्र लाखो खोल्यांचे आवाज ऐकून शिकलंय. ते सावल्यांवरून उलटं गणित करतं आणि प्रत्येक आवाज खोलीत कुठून निघाला ते काढतं. मग तुम्ही मागाल त्या जागेवरून सगळं पुन्हा उभं करतं.

"आणि माणूस म्हणजे कापसाची गादी," सर पुढे म्हणाले. "आवाज पितो. मोकळी सतरंजी तेवढा पीत नाही. त्यामुळं कोण कुठं बसलंय आणि कुठली जागा रिकामी आहे, हेपण कळतं त्याला."

मला त्या क्षणी कळायला हवं होतं. पण मी शोकेस हलल्याच्या आनंदात होतो. महिनाभर आम्ही नुसते भटकलो. पुण्यातल्या जुन्या मैफलीत तबलजीच्या मांडीला मांडी लावून बसलो, एका सतारीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या माणसाला झालेला खोकला ऐकून सरांनी निदानही केलं. पडद्यावर मैफलीचा नकाशा येतो. भरलेली जागा केशरी, रिकामी पांढरी. केशरी ठिपक्यावर बोट ठेवलं की तुम्ही तिथे.

एका रविवारी मंडळ उठल्यावर बुडूख सर मागे थांबले. चष्मा पुसत म्हणाले, "ठोंबरे, एक मागायचं होतं. नांदणीकरबुवांची मैफल माझी हुकली, बोर्डाचे पेपर तपासत होतो. सत्तेचाळीस वर्षं सलतंय. पुढच्या रविवारी मला तुमच्या जागेवर बसवा. ती दाद माझ्या तोंडातून निघाल्यासारखी ऐकू येईल. एवढंच."

नाही म्हणायला मला जागाच नव्हती. मी हो म्हणालो आणि घाम पुसला.

बुधवारी दुपारी शैलजा भिशीला गेली तेव्हा मी कड्या लावून मैफल लावली. माझ्या साठ्यात अस्सल स्पूलवरून उतरवलेली प्रत होती. डावीकडून तिसरी रांग, खांबाशेजारी. बोट ठेवलं आणि मी गोडाऊनमध्ये बसलो. पेंडीचा वास तेवढा यंत्राला जमत नाही, बाकी सगळं होतं. आठ मिनिटं पन्नास सेकंदांनी माझ्या स्वतःच्या छातीतून बावीस वर्षांचा मी कुजबुजलो, "जागा धरा ओ, चपला बघून येतो." खसखस झाली, आणि माझा ठिपका पांढरा पडला. अकरा बेचाळीसला दाद आली ती उजवीकडून, लांबून, पोत्यांच्या बाजूने.

स्वतःचा तरुण आवाज ऐकून खरं तर गहिवरून यायला हवं होतं. मला फक्त भीती वाटली. गाव हसेल ते मी सोसलं असतं. पण माझ्या जागेवर बसून बुडूख सरांसारखा माणूस हे ऐकणार, आणि आतून चहा घेऊन येणाऱ्या शैलजेला कळणार, की पोहे खाताना मी ठेवलेलं पहिलंच माप खोटं होतं.

तिथल्या तिथे उपायही सुचला. स्ट्रीमिंगवरची प्रत लावून पाहिली. बैठक म्हणाली, "या प्रतीत जागा सापडत नाहीत. साधं ऐकवते." कारण उघड होतं. ती फार पूर्वी कोणीतरी छाटून चढवलेली होती. मोठ्या आवाजामागे दबलेलं बारीकसारीक कानाला तसंही कळत नाही, म्हणून फाइल लहान करताना ते टाकून देतात, आणि बैठकीला नेमकं तेच टाकलेलं लागतं. छाटलेलं संगीत ऐकणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो होतो. त्या बुधवारी मी छाटणाऱ्या त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

रविवारी सकाळी मंडळ यायच्या आधी मी साठ्याची तार काढली आणि साठा बिघडल्याचं दुःख चेहऱ्यावर आणून दार उघडलं. बुडूख सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते, कानाजवळ अत्तराचा फाया. मैफलीला निघालेल्या माणसासारखे ते खरोखर सजून आले होते. पण मी सांगितलं की काय करणार, साठा बंद पडला, आज स्ट्रीमिंगवरचीच प्रत ऐकू, जागेचं पुढे कधीतरी. सर "असू दे, असू दे" म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. मी मैफलीचं नाव उच्चारलं.

"साठा सापडत नाही," बैठक गोड आवाजात म्हणाली. "घरात दुसरी प्रत शोधते." मी तिला थांबवायला उठलो तोवर ती पुढे म्हणाली, "उत्तम प्रत सापडली. साठ्यातून घेतलेली, शैलजा यांचा टॅब, स्वयंपाकघर. कुठे बसणार?"

मंडळातली चौघं माझ्याकडे बघायला लागली. बुडूख सरांचा चेहरा उजळला. वहिनींनी जपून ठेवलीय म्हणजे काय, म्हणाले, आणि खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध बसले. डावीकडून तिसरी रांग, खांबाशेजारी. ती जागा मीच त्यांना शंभर वेळा सांगितली होती.

बुवांचा मारवा सुरू झाला. सरांनी डोळे मिटले. मी घड्याळ बघत होतो. आठ पन्नासला सरांच्या छातीतून माझा आवाज आला, "जागा धरा ओ, चपला बघून येतो." चौघांच्या माना पडद्याकडे वळल्या. केशरी ठिपका पांढरा पडला. सरांनी डोळे उघडले नाहीत. ते गाणं ऐकत होते. अकरा बेचाळीसला दाद आली, तेव्हा मात्र त्यांची मान आपोआप उजवीकडे वळली.

"तिकडून आली," ते म्हणाले. त्यांनी बैठकीला दाद जिथून निघाली तिथे बसवायला सांगितलं आणि दहाव्या मिनिटापासून पुन्हा लावायला सांगितलं. नकाशावर ठिपका पोत्यांच्या थप्पीला टेकलेला होता. उजवीकडून एकही सावली परत येत नाही, सर स्वतःशीच म्हणाले, पेंडीने सगळी पिऊन टाकली. मंडळात एकच चर्चा सुरू झाली. तिथे तर बायका होत्या. मग गिरणीतला एखादा हमाल पोत्यांवर बसला असेल. कुठला हमाल, तर एक सैद होता, त्याचा आवाज भारी होता. दोन मिनिटांत सैद हमालाचा सत्कार करायचं ठरलं आणि तो वारल्याचं आठवून रद्दही झालं. बाईचं नाव कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. माझ्याही नाही.

एवढ्यात मंडळातल्या एकाला दया आली. तो म्हणाला, "चपला बघून येताना ठोंबरेच पोत्यांजवळ उभे राहिले असतील की. पुढं जायला जागा नसंल." सगळ्यांना ते पटलं. हायसं वाटून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नुसती मान हलवायची होती.

पस्तीस वर्षांत किती दुकानदारांनी मला असाच रस्ता दाखवला असेल, साहेब, तराजूच जुना आहे, उंदराने दोरी कुरतडली. मी एकालाही सोडलं नव्हतं. आणि खुर्चीत बुडूख सर अत्तर लावून बसले होते.

"नाही," मी म्हणालो. "मी बाहेर होतो. चपला घालून पायरीवर बसलो होतो. ती दाद माझी नाही. कोणाची आहे ते मला माहीत नाही."

टेप चालूच होती. बुवा फिरत फिरत साच्या उंबऱ्यावर आले, थांबले, आणि त्या थांबण्यात स्वयंपाकघराच्या दारातून "वा" ऐकू आलं. टेपवरचं आणि दारातलं एकाच वेळी आलं. दारातला आवाज थोडा पिकला होता, बाकी काही फरक नव्हता. हातात पोह्यांचा ट्रे होता आणि डोळे मिटलेले होते. बुवा हसले. सा लागला.

शैलजेने डोळे उघडले आणि सगळे बघतायत म्हणून ती ओशाळली. ट्रे ठेवून परत वळली. बुडूख सर उठून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने पोत्यांजवळची ती खुर्ची सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि म्हणाले, "वहिनी, ही जागा तुमची. बसा." ती बसली. त्या रविवारी पोहे आम्ही गार खाल्ले आणि चहा मी केला.

मंडळ गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. ती विसळत होती. शेवटी मी विचारलं, की त्या दिवशी तिच्या घरी मी तिच्यासमोर तिचीच दाद माझी म्हणून सांगत होतो, तर तिने तिथेच का झापलं नाही.

तिने सांगितलं ते असं. तिचे वडील गिरणीत मुनीम होते, मैफलीत पहिल्या रांगेत होते. लहानपणी ती गाण्याच्या क्लासला जायची, पण तुझा आवाज पुरुषी आहे म्हणून बाईंनी तिचं येणं बंद केलं होतं. मैफलीत तिच्या तोंडून 'वा' निघून गेलं आणि मग ती पोत्यांआड दडून बसली, की मुलीच्या जातीने असं ओरडल्याबद्दल घरी काय होणार. घरी काहीच झालं नाही. दाद कोणा ठोंबरेंची आहे, असं गावात झालं होतं. ती सुटली.

"आणि मग तोच ठोंबरे पोहे खायला आला," ती म्हणाली. "मला आधी राग आला. मग वाटलं, माझ्या आवाजाला सगळी नावंच ठेवतात. हा एक माणूस असा भेटला, की त्याला तो स्वतःचा म्हणून मिरवावासा वाटतोय. म्हणून हो म्हटलं."

मी नळ बंद केला. मी तिला सांगितलं की मला माफ कर. सेहेचाळीस वर्षं तुझी दाद मी वापरली आणि तुला स्वयंपाकघरात ठेवलं. ती म्हणाली, ठेवलं खरं, आणि कढई नीट घासा, खाली चिकटलंय.

बार्शी हे एका गोष्टीवर फार दिवस हसणारं गाव नाही. पंधरा दिवस माझ्याकडे बघून लोक एकमेकांच्या चपलांची चौकशी करायचे, ते थांबलं. आता रविवारी रागाचं नाव शैलजा सांगते. मला कळलं की मी आजवर निम्मे राग चुकीचे सांगत होतो आणि मंडळ माना डोलावत होतं. बुडूख सर दर रविवारी पोत्यांजवळ बसायला मागतात आणि दादेला पाच सेकंद असताना श्वास धरतात. गॅसवाला अजून तिला 'साहेब' म्हणतो, फक्त आता तिला हसू येतं.

संध्याकाळी आम्ही दोघंच मैफल लावतो. बैठक विचारते, कुठे बसणार. शैलजा आपल्या पोत्यांजवळ बसते. तिच्या शेजारचा एक ठिपका पांढरा आहे, तिथे मी बसतो. सतरंजीची ती जागा तेव्हा कोण येईल म्हणून रिकामी होती कोण जाणे. गाणं सुरू करायच्या आधी शैलजा उठते, दाराबाहेर जाते, माझ्या चपला आत आणते आणि माझ्या खुर्चीखाली ठेवते.

"आता हलायचं नाही," ती म्हणते, आणि गाणं लावते.